नोरा, डॅन आणि आमच्या पार्वतीबाई

१४ डिसेंबर २०२३, गुरुवार. लातूर.
सकाळी नळाला पाणी आलं. गढूळ होतं, तुरटी फिरवून ठेवलं. दुपारी पोस्टमन पार्सल देऊन गेला, सिकंदराबादच्या एस्तेरचं. आत एक जाडजूड इंग्रजी कादंबरी, कव्हर गेलेलं. आयर्लंडची गोष्ट आहे. पार्वतीबाई वरून मेथी निवडायला आल्या. त्यांच्या भावाचा फोन आला. त्यांना भाऊ आहे हे आजच कळलं. नातीचं लग्न फेब्रुवारीत आहे, ये म्हणतो. त्यांनी बोलणं अर्धं टाकून फोन ठेवला. संध्याकाळी थंडी. पेटीतून शाल काढली.

त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. पार्वतीबाईंबद्दल लिहायचं तर जन्मापासून लिहावं असं आधी वाटलं होतं. पण मला त्या खऱ्या कळल्या त्या या पार्सलानंतर. त्याआधी कित्येक वर्षं त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहत होत्या, रोज दुपारी माझ्याकडे येत होत्या, आणि त्यांना एक भाऊ आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. कुणी विचारलं तर त्या सांगत, "न्हाई, भाऊ-बिऊ कोणी न्हाई मला."

पार्वतीबाई निवृत्त आरोग्य सेविका. देवणी आणि निलंगा तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर त्यांची सगळी नोकरी झाली. आधी पायी फिरल्या, मग सायकलवर, शेवटी स्कूटीवर. नाडी बघायला सोयीचं म्हणून घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधायची सवय लागली, ती अजून आहे. आम्ही दोघी भाजीला गेलो की एखादा मिशीवाला गडी मध्येच थांबतो आणि त्यांच्या पाया पडतो. त्या त्याच्याकडे निरखून बघतात.

"पायाळू होतास का रे तू?"

गडी लाजतो. बायको तोंडाला पदर लावून हसते.

मुलगा आदर्श आणि सून रूपाली पुण्याला असतात. पार्वतीबाई तिथं महिनाभर राहून परत आल्या. "तिथं शेजारीण मेली तरी वास आल्याबिगर कळायचं न्हाई," हे त्यांचं पुण्याबद्दलचं मत. दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती, भिंतीवर बाबासाहेब, आणि कोपऱ्यात वजनकाटा. कॉलनीतलं कुठलंही तान्हं बाळ त्यांच्याकडे वजनाला जातं.

मी लिंगायत घरातली, माहेर उदगीरकडचं. वडील रेल्वेत होते म्हणून माझं शिक्षण सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथल्या काही सिस्टर आयर्लंडच्या होत्या. आम्हा मुलींना गोरी तेवढी इंग्लिश. एकदा मी सिस्टर फिनबारना भाबडेपणानं विचारलं, "सिस्टर, तुमच्या इंग्लंडमध्ये बर्फ पडतो का?" त्या एरवी मायाळू. पण त्या दिवशी त्यांनी खडू खाली ठेवला, खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी इंग्लिश नाही, बाळ." पुढं काही सांगितलं नाही. वर्गसखी एस्तेरनं पुस्तकासोबत चिठ्ठी घातली होती, "आपल्या फिनबारच्या गावाकडची गोष्ट वाटली, म्हणून धाडते आहे."

पार्वतीबाईंनी पुस्तक हातात घेऊन वजन केल्यासारखं खालीवर केलं.

"लई भरलंय. काय हाय ह्यात?"

"दोन भावंडांची गोष्ट. नोरा आणि तिचा धाकटा भाऊ डॅन. तिकडे शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांविरुद्ध लढाई झाली, तेव्हाची."

"मंग वाचा की. मनात कशाला वाचून राहिलात? मी मेथी निवडते, तुमी मराठीत सांगा."

अशी सुरुवात झाली. दुपारची जेवणं झाली की त्या काहीतरी निवडायचं, सोलायचं घेऊन यायच्या. रिकाम्या हातांनी गोष्ट ऐकणं त्यांना पाप वाटतं. मी डोळ्यांनी इंग्रजी वाचायची आणि तोंडानं मराठीत सांगायची. गोष्टीत नवीन बाई आली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "लेकरं किती? जगली किती?" नोराच्या आईची पाच मुलं गेली हे ऐकून त्यांनी लसूण सोलायचा थांबवला. "बाळंतपण कोण करायचं तिकडं?" पुस्तकात नव्हतं. मी तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "लिवणारा बाप्या आसंल."

खाण्याचंही त्यांना आश्चर्य. "सकाळी आलू, रातच्याला आलू. भाकर न्हाई, दाळ न्हाई. मंग अंगात रगत कुठून येईल?"

प्रोटेस्टंट आणि कॅथलिक हे शब्द मात्र त्यांना जड गेले. मी समजावलं की गावात टेकडीवर जमीनदारांची, दुकानदारांची घरं आहेत, ते एका पंथाचे. खाली नदीकडे कुळं, मजूर, ते दुसऱ्या पंथाचे. नोरा खालची.

"येशू दोघायचा एकच?"

"एकच."

"मंग भांडण कशाचं?"

"जमिनीचं. राज्याचं. वर धर्माचं नाव."

"हां, तसं सांगा की. आता कळलं. पण ते प्रोटे-काय ते ध्यानात राहीना बघा."

मग मीच म्हटलं, सोपं करू. टेकडीवरचे म्हणजे वरच्या आळीतले, नदीकडचे म्हणजे खालच्या आळीतले. त्यांना पटलं. मलाही आपण फार छान मराठी केलं असं वाटलं. गोष्ट सरळ चालली. पोलिसांनी खालच्या आळीत घरं तपासली, पीठ सांडलं, पोरांना ओढून नेलं, की पार्वतीबाई मान हलवायच्या. "अस्संच. अस्संच आसतंय." नोरा त्यांची झाली होती. वर गेल्यावर जिन्यातून ओरडून विचारायच्या, "ताई, नोराचा ताप उतरला का वो?" मी म्हणायची, "उद्या कळेल. पुढचं वाचलं नाही मी." "खोटं नका बोलू. दिवा लागलाय तुमचा."

जानेवारीत एका दुपारी आम्ही त्या प्रकरणाशी आलो. टेकडीवर हार्पर नावाचा म्हातारा प्रोटेस्टंट दुकानदार होता. बी-बियाणं आणि कापड विकायचा. त्यानं कुणाचं काही बिघडवलेलं नव्हतं. पण लढाई पेटल्यावर डॅनच्या टोळीतल्या पोरांनी त्याच्यावर खबऱ्या असल्याचा संशय घेतला आणि त्याचं दुकान जाळलं. मी नेहमीच्या ओघात सांगत गेले, "मग खालच्या आळीतली पोरं रॉकेलचे डबे घेऊन वर गेली..."

पार्वतीबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. हात थांबले.

"काय म्हणलात?"

मी पुन्हा सांगितलं.

"हे पुस्तकात हाय का तुमच्या मनातलं हाय?"

"पुस्तकात आहे."

"खालच्या आळीतली, असं लिवलंय?"

मी खोटं बोलू शकत नव्हते. "नाही. तसं नाही लिहिलेलं. ते नाव आपण दिलं."

"आपण न्हाई. तुमी दिलं." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्त भीती वाटली. "ताई, मी एवढी गावं पालथी घातली. घराघरात गेले. खालच्यानं वर जाऊन कुणाचं घर जाळलं, ते एक गाव मला दाखवा. एक दाखवा."

"पार्वतीबाई, ती तिकडची गोष्ट आहे..."

"मंग तिकडचीच ठिवायची की. आमच्या अंगावर कशाला घातली?" त्या उठल्या. "नामांतराच्या साली तुमी कुठं होता?"

"इथंच. लातूरला."

"मंग पेपरात वाचलं आसंल."

सोललेले दाणे वाटीत तसेच ठेवून त्या वर गेल्या. दार आपटलं नाही. हळूच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. जिन्यात भेटल्या तर "पाणी आलं का?" एवढंच. मी त्या दाण्यांची आमटी केली, पण एकटीला गेली नाही. शेवटी पुस्तक पदराखाली घेऊन वरचा जिना चढले. गुडघ्यांमुळं मी सहसा वर जात नाही. त्यांनी दार उघडलं, मला धापा टाकताना पाहिलं आणि आधी खुर्ची पुढं केली.

"बसा. उगं चढलात. बोलावलं आसतं तर मी आले नसते का?"

"बोलावलं असतं तर आला नसतात."

"ते बी खरंच."

मी म्हटलं, "माझं चुकलं. सोपं करायला गेले आणि भलतंच करून बसले."

पार्वतीबाईंनी चहा टाकला. मग कप हातात देऊन समोर बसल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला भावाबद्दल, केरबाबद्दल सांगितलं. गाव हदगावच्या पुढं आहे. नाव लिहू नका म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही.

अठ्ठ्याहत्तर साली त्या नांदेडला नर्सिंगचं ट्रेनिंग करत होत्या. वडील नव्हते. गावात आई आणि धाकटा भाऊ केरबा. विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलीत त्यांच्या वस्तीतली घरं जाळली गेली, त्यात त्यांचंही. आई आणि केरबा मागच्या ओढ्यानं पळाले म्हणून वाचले. पार्वतीबाई हातची परीक्षा सोडून गावी पोचल्या, तेव्हा दाराची नुसती चौकट उभी होती.

"घर गेलं त्याचं काय एवढं न्हाई, ताई. घर बांधता येतं. पण पुढं गावात बैठक बसली. समझोता झाला. केस मागं घ्या, कामावर घेतो, दुकानातून सामान देतो. गावात ऱ्हायाचं तर दुसरं काय करणार? पण लिवून काय दिलं? म्हणे, आमच्या चुलीतलं इस्तू उडालं, त्यानं आग लागली. केरबानं सही केली त्याच्यावर."

"म्हणजे..."

"म्हणजे माझ्या मायनं घर जाळलं. समद्या वस्तीचं." त्यांनी कप खाली ठेवला. "आणि माय कशी होती सांगू का? लोक रातच्याला चुलीतलं इस्तू राखेत झाकून ठिवतात, सकाळी तेच फुकून पेटवतात. माय ठिवायची न्हाई. माझी एक बहीण लहानपणी भाजून मेली होती. तवापासून माय निजायच्या आधी चुलीत पाणी शिपडायची, वर पालथा हात ठिवून बघायची. सकाळी खापर घेऊन दुसऱ्याच्या दारात इस्तू मागाया जायची. बाया चिडवायच्या तिला, आली बघा बिनविस्तवाची. साऱ्या वस्तीला ठाऊक होतं आमची चूल रातची थंडी आसती. केरबाला ठाऊक न्हवतं?"

नोकरी लागल्यावर त्या आईला देवणीला घेऊन आल्या. आई तिथंच वारली. शेवटपर्यंत ती कुणाच्याही घरी गेली की निघताना स्वयंपाकघरात डोकावून यायची. केरबाशी पार्वतीबाई तेव्हापासून बोलल्या नव्हत्या. आता नातीच्या लग्नाचं निमित्त करून तो फोन करत होता.

"जायचं आहे का तुम्हाला?" मी विचारलं.

"मला ठाऊक न्हाई. रोज वाटतं जावं, रोज वाटतं कशाला." मग माझ्या पदराकडे बघून म्हणाल्या, "पुस्तक आणलंय न्हवं? काढा मंग. पण आता त्यांची नावं त्यांचीच घ्या. प्रोटेस्टंट. कॅथलिक. बघा, आलं का न्हाई मला."

आम्ही ते प्रकरण पुन्हा वाचलं. हार्पर हार्परच राहिला, पोरं कॅथलिकच राहिली. म्हातारा हार्पर जळत्या दुकानासमोर हातात बियांचं पुडकं घेऊन उभा राहतो, तिथं पार्वतीबाईंनी डोळे पुसले. "बिचारा. त्याचं बी काय चुकलं हुतं." तेच प्रकरण, फक्त नावं ज्यांची त्यांना. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, "वाचा की. थांबलात का?"

पुस्तकाचा शेवटचा भाग मात्र मला आधीपासून भीती घालत होता. इंग्रजांशी तह होतो. पुरतं स्वातंत्र्य नाही, देशाचा एक तुकडाही तोडलेला. मिळतंय ते घ्या म्हणणारे एका बाजूला, पुरतं मिळाल्याशिवाय थांबायचं नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूला. कालपर्यंत एकत्र लढलेले एकमेकांवर बंदुका रोखतात. डॅन तहाच्या बाजूनं जातो, नव्या सरकारचा गणवेश घालतो. नोरा त्याला घरातून हाकलते.

"आमचं बी तसंच झालं," पार्वतीबाई म्हणाल्या. "नामांतर मागितलं, नामविस्तार मिळाला. कुणी पेढे वाटले, कुणी जेवलं न्हाई त्या दिवशी. एकाच घरात."

"तुम्ही?"

"मी पेढा बी खाल्ला आणि रडले बी." थोड्या वेळानं म्हणाल्या, "डॅन किती वर्षांचा हाय?"

"एकवीस."

"केरबा बी तेवढाच हुता."

कादंबरीचा शेवट मी रात्री आधीच वाचून ठेवला होता. मनात आलं, हे असंच सांगितलं तर त्या लग्नाला जाणार नाहीत. पण एकदा बदलून काय झालं ते मी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जसं होतं तसं सांगितलं. नोरा अमेरिकेला निघून जाते. तिथं एका धुलाईघरात कपडे इस्त्री करत म्हातारी होते. एक दिवस बरोबरची पोरगी तिला सहज विचारते, तुला भाऊ आहे का गं? नोरा इस्त्री फिरवत म्हणते, "नाही." डॅन तेव्हा जिवंत असतो. पुस्तक तिथं संपतं.

समोर हरभऱ्याच्या भाजीचा ढीग होता, त्यातली एक काडीही पार्वतीबाईंनी उचलली नाही.

"संपलं?"

"संपलं."

"ह्ये काय संपवणं झालं?" त्या एकदम चिडल्या. "एवढं जाडजूड पुस्तक, आणि न्हाई म्हणून मोकळी? कुणी सांगायला पायजे हुतं तिला." मग पर्समधून फोन काढला, चष्मा शोधला, माझाच उचलून लावला. "कितवा नंबर हाय ह्येचा... हां. केरबा? मी बोलते. पार्वती."

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं.

"रडू नको. ऐक. मी येते. पण माझी एक अट हाय. मायची चूल थंडी हुती, हे तू मांडवात चारचौघांत सांगायचं. सांगशील का न्हाई?"

त्या ऐकत राहिल्या. मग फोन खाली ठेवला.

"काय म्हणाला?"

"म्हणला, आक्का, तू ये तर." त्यांनी माझा चष्मा परत दिला. "हाव म्हणला न्हाई. न्हाई बी म्हणला न्हाई. तुमी चला माझ्यासंगं. मी एकटी गेले तर भांडून येईन."

आम्ही शनिवारी एसटीनं नांदेडला गेलो, माझ्या भाचीकडे मुक्काम केला. पंचाहत्तरीपुढच्यांना तिकीट माफ आहे, त्यामुळं माझं फुकट आणि त्यांचं अर्धं. वाटेत त्या कंडक्टरला दोनदा म्हणाल्या, "आमच्या ताईंला खिडकी द्या वो, फुकटात आल्यात." रविवारी सकाळी हदगाव, तिथून जीप.

केरबा फाट्यावर काठी टेकून उभा होता. वाळलेला, पांढरा सदरा, पांढरी टोपी. पार्वतीबाई जीपमधून उतरल्या आणि समोर जाऊन उभ्या राहिल्या. मग पार्वतीबाईंनी त्याचं मनगट धरलं, आपलं मनगट उलटं करून घड्याळ बघितलं आणि ओठ हलवत नाडी मोजू लागल्या.

"गोळ्या घेतो का बीपीच्या?"

"घेतो."

"खोटं बोलतो. थडथड उडून ऱ्हायलीय नाडी."

"तू आलीस म्हणून उडून ऱ्हायलीय, आक्का."

मांडव घरासमोरच घातला होता. शिरण्याआधी केरबानं त्यांना बाजूला घेतलं. मी दोन पावलं मागं होते, पण ऐकू आलं. "आक्का, पुढच्या खुर्च्यांवर त्या समझोत्याच्या बैठकीवाल्यांची माणसं बसलीत. पाण्याचा टँकर त्यांनीच धाडलाय. पोरीचं लगीन हाय. माझ्यानं माईकवर बोलणं व्हायाचं न्हाई."

"मंग मला कशाला बोलावलंस?"

"तुला बघाया."

पार्वतीबाईंचा चेहरा मी एवढा लहान झालेला कधी पाहिला नव्हता. त्या मागं वळून जीपकडे बघू लागल्या. जीप अजून तिथंच होती, ड्रायव्हर पान लावत होता. मग आतून नवरी, पुनम, पांढऱ्या साडीत धावत आली. "आत्याआजी आली का?" म्हणून तिनं त्यांना मिठीच मारली. तिच्याबरोबर त्या आत गेल्या.

त्रिशरण झालं, पंचशील झालं, हारांची देवाणघेवाण झाली, फुलं पडली. बौद्धाचार्यांनी माईकवर सांगितलं की घरातल्या वडीलधाऱ्यांनी वधूवरांना दोन शब्द सांगावेत. आधी नवऱ्याच्या मामानं दारूबद्दल दोन शब्द सांगितले. ते वीस मिनिटं चालले. मग नाव पुकारलं गेलं, आणि पार्वतीबाई उठल्या.

"पोरी, मी नर्सबाई. मला भाषण येत न्हाई. एकच सांगते. चूल इझवून निजायचं. आता तुमच्याकडं गॅस हाय, तर खटका बघायचा, टाकी बघायची." पोरी हसल्या. "ह्ये माझ्या मायनं मला शिकवलं. तुझ्या पणजीनं. ती रोज रातच्याला चुलीत पाणी शिपडायची, वर हात ठिवून बघायची. तवा निजायची. एक दिवस चुकली न्हाई."

त्या थांबल्या. पुढच्या रांगेकडे बघितलं नाही. खांबाजवळ बसलेल्या केरबाकडे बघितलं. मांडवात भांड्यांचा आवाज येत होता, पोरं खुर्च्यांतून पळत होती.

केरबा काठीवर भार देऊन उठला. माईक त्याच्यापासून लांब होता.

"एक दिवस न्हाई," तो म्हणाला. मग श्वास घेऊन पुन्हा म्हणाला, आता जरा मोठ्यानं, "त्या रातीला बी न्हाई. चूल थंडी हुती. म्या सही केली ती खोटी हुती."

पुढच्या रांगेतला एक म्हातारा वाकून खुर्चीखाली चपला शोधू लागला. त्याच्या शेजारचा तरुण छान उपदेश झाला म्हणून टाळ्या वाजवत होता. पोरापोरींनीही वाजवल्या. बायकांमधून एक जख्ख म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "हाव की! माझ्या सासूकडंच यायची सकाळी इस्तू मागाया. रोज!" आणि तिच्या आजूबाजूच्या म्हाताऱ्या माना डोलवू लागल्या. एकीनं पदर डोळ्यांना लावला.

पार्वतीबाई माईक देऊन खाली आल्या आणि भावाच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या. त्यांनी पुन्हा त्याचं मनगट धरलं, पण या वेळी घड्याळ बघितलं नाही.

जेवणं झाली. निघताना वस्तीतल्या बायकांनी त्यांना इतक्यांदा थांबवलं की जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. केरबा फाट्यापर्यंत आला. "पुन्हा कधी?" त्यानं विचारलं. "तू ये लातूरला," त्या म्हणाल्या. "डॉक्टरला दाखवू. आणि येताना त्या गोळ्यांचा कागद आण."

नांदेडपर्यंत त्या झोपल्या, डोकं माझ्या खांद्यावर. सोमवारी दुपारी लातूरला पोचलो. जिन्यात त्या म्हणाल्या, "ताई, नोराचं पुस्तक परत धाडायचं का एस्तेरबाईला?" मी म्हटलं, घाई नाही. "मंग उद्यापासून पहिल्यापासून वाचा," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा नीट ऐकलं न्हाई मी."

१२ फेब्रुवारी २०२४, सोमवार. लातूर.
दीड वाजता पोचलो. प्रवास बरा झाला. गुडघे दुखतात, शेक घेतला. केरबानं घरच्या तुरीची डाळ दिली होती, संध्याकाळी निवडली. खडे बरेच निघाले. दोन डब्यांत भरून ठेवली.